सोळा आणि नऊ

कोडगूत पोलिबेट्टा नावाचं एक लहानसं गाव आहे. सिल्व्हर ओकच्या खोडांवर चढलेले मिऱ्यांचे वेल, त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपं, आणि पावसाळ्यात जळवा. बंगळुरात राहायला येऊन मला तीसेक वर्षं झाली, आणि चार दिवस सुट्टी मिळाली की आम्ही त्या बाजूला जातो. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका घरगुती मुक्कामात, रात्री जेवताना मालक सहज म्हणाले की लंडनवर आलेली जर्मन वायुनौका पाडणारा वैमानिक इथल्याच एका मळ्यात जन्मला होता. मला ती पाहुण्यांना सांगायची थाप वाटली. परत आल्यावर शोधलं, तर गोष्ट खरी निघाली.

विल्यम लीफ रॉबिन्सनचा जन्म १४ जुलै १८९५ चा. वडिलांचा कॉफीचा मळा. हा मुलगा काही काळ बंगळुरातल्या बिशप कॉटन शाळेत होता. नोकरीच्या काळात माझी बस त्या शाळेच्या भिंतीला लागून रोज जायची. २ आणि ३ सप्टेंबर १९१६ च्या मधल्या रात्री, लंडनच्या उत्तरेला, लाकडी सांगाड्याच्या एसएल ११ या जर्मन वायुनौकेवर त्याने आपल्या विमानातून पेट घेणाऱ्या गोळ्या झाडल्या. पहिली दोन चक्रं वाया गेली. तिसऱ्या चक्राच्या गोळ्या त्याने शेपटाकडच्या एकाच जागी रोखल्या आणि ती नौका आतून उजळत गेली. ब्रिटनच्या भूमीवर पाडलेली ती पहिली जर्मन वायुनौका. पेटलेला तो पिंड कित्येक मैलांवरून दिसला. लंडनमध्ये लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले, नाचले, टाळ्या वाजवल्या, आगगाड्यांनी शिट्ट्या दिल्या. नौका कफली गावाजवळ पडली. तो रविवार होता, आणि दिवस उजाडल्यावर हजारो माणसं ते बघायला गेली. तारांचे तुकडे रेडक्रॉसने आठवण म्हणून विकले. रॉबिन्सनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नौकेत सोळा माणसं होती. सगळी जळून गेली.

मी थबकले ती या आकड्यापाशी नव्हे, त्या टाळ्यांपाशी. टाळ्या वाजवणाऱ्यांना मी दोष देत नाही. वर्षभर ज्यांनी रात्री जिन्याखाली मुलं कुशीत घेऊन काढल्या होत्या त्यांनी दुसरं काय करावं? पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, उत्तर समुद्रात, तशाच एका नौकेची सोळा माणसं मरण्याआधी इंग्रजांना अगदी जवळून दिसली होती. हाक ऐकू यावी इतक्या जवळून. तिथे टाळ्या नव्हत्या. नऊ कोळी होते, आणि त्यांच्या तांडेलाला काही मिनिटांत एक निर्णय घ्यावा लागला होता. रॉबिन्सनचा शोध घेता घेता ही दुसरी गोष्ट हाती लागली आणि त्यानंतर मला रॉबिन्सनमध्ये फारसा रस उरला नाही.

त्या नौकेचं नाव एल १९.

आधी हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं वजनावर अवलंबून आहे. युद्धात फुगा नवा नव्हता. बोअर युद्धात लेडीस्मिथच्या वेढ्यात इंग्रजांनी दोर बांधलेले फुगे वर सोडून शत्रूच्या तोफा कुठे आहेत ते टिपलं होतं. पण तो फुगा म्हणजे उंच मचाण. काउंट झेपेलिनने २ जुलै १९०० रोजी बोडेन सरोवरावर जे उडवलं ते वेगळं होतं. धातूचा ताठ सांगाडा, वर कापडाचं आवरण, आत हायड्रोजनच्या अनेक सुट्या पिशव्या, आणि स्वतःच्या इंजिनांवर हव्या त्या दिशेला जाण्याची शक्ती. १९१५ च्या सुमाराच्या झेपेलिनची लांबी एकशे साठ मीटरहून अधिक होती. या एवढ्या धुडाला वर ठेवणाऱ्या पिशव्या कशाच्या होत्या? गुरांच्या आतड्यांच्या बाहेरच्या पातळ पापुद्र्याच्या. सोनं ठोकून वर्ख करणारे कारागीर ज्या पापुद्र्यात सोनं ठेवत, तोच. एका जनावराचा हातभर तुकडा मिळे. असे लाखो तुकडे एकावर एक चिकटवून एका नौकेच्या पिशव्या होत. हायड्रोजन टिकवायला त्या काळात त्याहून चांगलं काही नव्हतं. आपल्याकडे मिठाईवरचा वर्ख कशात कुटतात यावरून अधूनमधून वाद होतो, तेव्हा मला हटकून झेपेलिन आठवतं.

हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका. पण पाऊस आवरणात मुरला, बर्फ धरला, बंदुकीच्या गोळ्यांनी पिशव्यांना भोकं पडली, की नौका जड होते. मग पाण्याची पोती रिकामी करायची, नाहीतर नाक थोडं वर धरून इंजिनांच्या जोरावर तरंगायचं. म्हणजे इंजिनं चालली पाहिजेत.

हवेतून बॉम्ब टाकू नयेत असा एक करार १८९९ मध्ये हेगला झाला होता, पाच वर्षांच्या मुदतीचा. १९०७ मध्ये तो पुन्हा मांडला तेव्हा जर्मनीने आणि फ्रान्सने सही केली नाही. १९११-१२ मध्ये लिबियात इटलीने तुर्कांवर आधी विमानातून आणि मग वायुनौकांतून बॉम्ब टाकले. अरब वस्त्यांवर पडले म्हणून युरोपात त्याचं फार कुणाला काही वाटलं नाही. जानेवारी १९१५ मध्ये यारमथ आणि किंग्ज लिन या इंग्लिश गावांवर झेपेलिननी पहिले बॉम्ब टाकले. चार माणसं गेली. ‘बालघातकी’ हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत रुळला तो त्या वर्षात.

३१ जानेवारी १९१६ ला जर्मन नौदलाच्या नऊ झेपेलिन निघाल्या. लिव्हरपूलपर्यंत पोचायचं, असा हुकूम होता. एकही पोचली नाही. ढग, धुकं, खाली अंधार केलेली गावं. नौकेवरच्या माणसांना आपण कुठे आहोत हेच कळत नव्हतं. टिप्टन, वेन्सबरी, वॉल्सॉल अशा मध्य इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावांवर बॉम्ब पडले. वॉल्सॉलच्या महापौरांच्या पत्नी ट्राममध्ये बसल्या होत्या, त्या जखमी होऊन पुढे गेल्या. सगळ्या नौकांच्या मिळून त्या रात्री साठाहून अधिक माणसं मेली. जर्मन पत्रकात मात्र लिव्हरपूल आणि बर्कनहेडच्या गोद्यांवर हल्ला केल्याचं जाहीर झालं. खरं लिव्हरपूल तिथून सत्तरएक मैलांवर होतं. खोटं बोलायचा हेतू असेलच असं नाही. वरून त्यांना तसंच वाटलं होतं.

एल १९ मध्य इंग्लंडवर पोचेपर्यंत मध्यरात्र झाली. तिची ही पहिलीच हल्ल्याची फेरी. मूळ तळ टोंडर्नचा, कप्तान ओडो लोवे. तिचे बॉम्ब त्याच पट्ट्यात पडले. भिंती पडल्या, छपरं उडाली, काही जनावरं मेली. माणूस कुणी मेला नाही. हे त्या रात्री खाली कुणाला माहीत नव्हतं, वर लोवेला तर नव्हतंच.

परतीच्या वाटेवर इंजिनं बिघडू लागली. मेबाखची ही नवी बनावट होती आणि त्या फेरीत इतर नौकांनाही तिने छळलं. १ फेब्रुवारीचा अख्खा दिवस एल १९ उत्तर समुद्रावर वाऱ्यासोबत सरकत राहिली. चारांपैकी तीन इंजिनं बंद पडली. धुक्यात ती हॉलंडच्या आमेलंड बेटावर गेली. हॉलंड तटस्थ. तटस्थ देशाने आपल्या हद्दीत घुसणाऱ्या कुणावरही गोळी झाडायची असते, तशी डच पहारेकऱ्यांनी झाडली. पिशव्यांना भोकं पडली. वाऱ्याने तिला पुन्हा समुद्रावर लोटलं आणि त्या रात्रीत ती पाण्यावर उतरली.

उतरली म्हणजे बुडाली नाही. वरच्या पिशव्यांत वायू शिल्लक होता, म्हणून पाठ पाण्याबाहेर तरंगत राहिली. सोळाही माणसं जिवंत होती. झेपेलिनच्या पाठीवर मशीनगनसाठी एक छोटा ओटा असतो, त्यावर आणि कण्याच्या पट्टीवर ती चढून बसली. फेब्रुवारीतला उत्तर समुद्र. खायला काही नाही.

२ फेब्रुवारीला उजाडताना ग्रिम्सबी बंदराची ‘किंग स्टीफन’ ही वाफेवर चालणारी मासेमारी बोट तिथे पोचली. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर मैल. रात्री बोटीवरच्यांना लांब दिवा दिसला होता, त्या रोखाने ते आले होते. म्हणजे हे लक्षात घ्यायला हवं की कुणीतरी अडचणीत आहे असं समजून, काम सोडून आलेली ती माणसं होती. तांडेल विल्यम मार्टिन. बोटीवर एकूण नऊ जण. शस्त्र नाही. बिनतारी यंत्र नाही.

ग्रिम्सबीला परतल्यावर मार्टिनने जे सांगितलं त्यावरून पुढचं चित्र उभं राहतं. आधी मोठा पांढरट ढिगारा दिसला, मग त्यावरची माणसं. त्यांच्यातला एक अधिकारी चांगलं इंग्रजी बोलत होता. त्याने आम्हाला घ्या म्हणून विनवलं. पैसे देऊ केले. आम्ही तुम्हाला काही करणार नाही असा शब्दही दिला. मार्टिनने बोट जवळ ठेवून विचार केला. समोर आपल्याहून जास्त माणसं दिसत होती, आत आणखी किती आहेत ते कळत नव्हतं, त्यांच्यापाशी हत्यारं असतील असं धरूनच चालायला हवं होतं. सगळी बोटीवर आली आणि मग त्यांनी आपल्याला समुद्रात ढकलून बोट जर्मनीला नेली तर? त्याने नाही म्हटलं आणि बोट वळवली. वाटेत नौदलाचं जहाज भेटलं तर सांगायचं, असं ठरवलं. एकही भेटलं नाही. ग्रिम्सबीला पोचल्यावर त्याने खबर दिली. इंग्रजी जहाजं शोधायला गेली. तिथे काही नव्हतं.

मार्टिनची भीती हवेतली नव्हती. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, ऑगस्ट १९१४ मध्ये, जर्मन टॉर्पेडो बोटींनी ग्रिम्सबी आणि बोस्टन या बंदरांच्या कित्येक मासेमारी बोटी बुडवल्या होत्या आणि कोळ्यांना धरून जर्मनीत नेलं होतं. १९१५ मध्ये पाणबुड्यांनी शिडाच्या होड्यासुद्धा सोडल्या नाहीत. त्या किनाऱ्यावर कुणाचा ना कुणाचा तरी भाऊ, मेहुणा जर्मन छावणीत होता. आणि वर झेपेलिन. घरी मुलंबाळं असणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला काही करणार नाही’ हा शब्द त्यांच्याकडून ऐकायचा होता.

एक शंकाही नंतर बोलली गेली. मार्टिन मासेमारीला बंदी असलेल्या भागात होता, दंड होऊ नये म्हणून त्याने जागा चुकीची सांगितली, आणि त्यामुळे शोध घेणारी जहाजं भलतीकडे गेली. असं असेल तर गोष्टीचा रंग पालटतो. भीतीपोटी सोडून येणं एक, आणि परवान्यापोटी खोटं सांगणं दुसरं. पण शंकेवर माणसाला दोषी धरायला मी तयार नाही, आणि तो भाग मी इथेच सोडते.

सोळा माणसांनी त्यानंतर काय केलं ते आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी लिहून ठेवलं. बाटल्यांत घालून चिठ्ठ्या समुद्रात सोडल्या. सहाएक महिन्यांनी स्वीडनच्या किनाऱ्यावर, मार्स्ट्रांडजवळ, ‘स्टेला’ नावाच्या बोटीला त्या मिळाल्या. लोवेचा कप्तान म्हणून दिलेला शेवटचा अहवाल त्यांत होता. कोरडा अहवाल. आपण किती जण आहोत, नौकेचा कुठला भाग तरंगतोय, इंजिनं कितीदा बिघडली, हॉलंडवर गोळीबार झाला, आणि आज २ फेब्रुवारी, दुपारी एकच्या सुमाराला बहुधा आपला शेवट होईल. मरणाची वेळ त्याने हवामानाच्या नोंदीसारखी टिपली आहे. बाकीच्यांची पत्रं घरच्यांना होती. एकाने लिहिलं की सकाळी एक इंग्रजी मासेमारी बोट येऊन गेली, तिने आम्हाला घेतलं नाही, आणि बोटीचं नाव आणि बंदरही लिहिलं. शिव्याशाप नाहीत. नाव, बंदर.

मी ही पत्रं पहिल्यांदा वाचली ती इंग्रजी भाषांतरात, बंगळुरातल्या एका वाचनालयात, वर पंखा गरगरत असताना. ती वाचून मार्टिनवर राग येणं सोपं आहे. मलाही आला. तो दोन दिवस टिकला.

तो गेला गूल या गावामुळे. गूल म्हणजे यॉर्कशायरमधलं औझ नदीवरचं लहान बंदर. ९ ऑगस्ट १९१५ च्या रात्री त्यावर झेपेलिनने बॉम्ब टाकले. त्या नौकेचं नाव एल ९. तिच्या कप्तानाला आपण हल या मोठ्या बंदरावर आहोत असं वाटलं होतं. गूलच्या दाट वस्तीतल्या गल्ल्यांत घरं कोसळली. सोळा माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती, काही अंथरुणातच. आणि एल ९ चा कप्तान होता ओडो लोवे.

तोच. सहा महिन्यांनी झेपेलिनच्या पाठीवर बसून दुपारी एकची नोंद करणारा.

आकड्यांच्या योगायोगावर इतिहास रचू नये, हे मला कळतं. गूलचे सोळा, एल १९ चे सोळा, कफलीला जळालेले सोळा. झेपेलिनवर साधारण तेवढीच माणसं नेमत, त्यामुळे दोन आकडे जुळणं आश्चर्याचं नाही. गूलचा आकडा मात्र कुणी नेमला नव्हता. तरीही तो वाचल्यावर माझ्या मनात न कळत एक वजावाटीचा हिशेब सुरू झाला, आणि तो सुरू झाला याचीच मला लाज वाटली. लोवेसोबत पाण्यात असलेल्या पंधरा जणांचा गूलशी काय संबंध होता? काहींचा असेलही. आणि मार्टिनला गूल आणि लोवे यांचं नातं ठाऊक नव्हतं. त्याने गूलचा सूड घेतला नाही. या रात्री यांच्या बॉम्बने कुणी मेलं नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने निरपराधांना मारलं असंही म्हणता येत नाही. आपल्याकडे आज सगळी कागदपत्रं आहेत. त्याच्याकडे समोरची माणसं होती आणि अंगावर येऊ पाहणारा उजेड.

देशोदेशी मात्र निवाडे भराभर झाले. जर्मन वृत्तपत्रांनी इंग्रज कोळ्यांना नराधम ठरवलं. इंग्लंडमध्ये काही जण अस्वस्थ झाले, पण बऱ्याच जणांनी मार्टिनला उचलून धरलं. लंडनचे बिशप आर्थर विनिंग्टन-इंग्रम यांनी जाहीरपणे त्याची बाजू घेतली. एरवी इंग्रज खलाशी बुडत्याला सोडणार नाही, पण जर्मनांच्या शब्दाचा भरवसाच उरलेला नाही, अशा आशयाचं ते बोलले. त्यावर जर्मनीत आणखी भडका उडाला. धर्मगुरूने हे बोलावं याचं मला फार नवल वाटलं नाही. युद्धात धर्मगुरू बहुतेक वेळा आपल्याच किनाऱ्यावर उभे असतात. मार्टिनला देशभरातून पत्रं आली. शाबासकीची आली तशी धमक्यांचीही.

माझं माहेर दापोलीकडचं, समुद्राला लागून. पुढच्या गणपतीत गेले तेव्हा वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी पन्नास वर्षं मासेमारी केली आहे, आता त्यांचे मुलगे बोटी चालवतात. झेपेलिन म्हणजे काय हे सांगताना माझी तारांबळ उडाली. शेवटी जत्रेतल्या फुग्यापासून सुरुवात केली. त्यांनी ते झटकून टाकलं.

‘‘ते राहू दे गो बाय. बोट केवढी होती?’’

मी सांगितलं.

‘‘माणसं नऊ. जाळं पाण्यात होतं का?’’

ते मला आठवत नव्हतं. ‘‘दिवा दिसला म्हणून ते तिकडे गेले होते, काका,’’ मी म्हटलं.

‘‘मग जाळं वर घेतलेलं असणार. समुद्र कसा होता?’’

‘‘सकाळी जवळ जाता आलं, म्हणजे फार खवळलेला नसावा. नंतर वारा वाढला.’’

ते बराच वेळ गप्प बसले. समोर अंगणात नातू सायकल घेऊन घिरट्या घालत होता. मग त्यांनी विचारलं, ‘‘पाणी दिलं का त्यांना?’’

मी म्हटलं, ‘‘तसं कुठे वाचलं नाही.’’

‘‘पाण्याचा डबा, भाकरी, काय असेल ते. दोरी बांधून टाकता येतं. माणसं वर घ्यायची का नाही, ती पुढची गोष्ट. त्याला भीती वाटली, ते मला पटतंय. सोळा जण चढले तर नवांचं काय खरं? पण डबा टाकायला भीती कसली?’’

वर्षभर मी जे वाचत होते त्यात हा प्रश्न मला कुणी विचारलेला आढळला नव्हता. बिशपांनी नाही, संपादकांनी नाही. सगळा वाद घ्यायचं की सोडायचं असा होता. मी तसं तांडेलकाकांना म्हटलं, तर ते एकदम चिडले.

‘‘हे बघ, मी इथं ओट्यावर बसून बोलतोय. पोटात चहा आहे. त्या पोराच्या जागी असतो तर मी काय केलं असतं, ते मला विचारू नको.’’

मार्टिन तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता, पण तांडेलकाकांसाठी तो पोरच.

आणखी एक गोष्ट मला तिथेच सुचली. बॉम्ब टाकणाऱ्यांचं आणि खालच्यांचं नातं उंचीवर उभं असतं. दहा हजार फुटांवरून गूल हे हल वाटतं, टिप्टन लिव्हरपूल वाटतं, आणि खालच्या माणसाला वर फक्त एक लांबट सावली दिसते. त्या सावलीत चहाचे थर्मास घेऊन कुडकुडणारी सोळा माणसं आहेत हे कफलीला टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसत नव्हतं, दिसायचं कारणही नव्हतं. एल १९ मधली सावली पाण्यावर उतरली आणि तिच्यावर चेहरे निघाले. ते इंग्रजीत बोलू लागले. या युद्धात हे क्वचितच झालं. मार्टिनवर जे आलं ते लंडनमधल्या लाखो लोकांवर कधी आलं नाही, रॉबिन्सनवरसुद्धा नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. पेटत्या गोळ्यांचं तंत्र जमल्यावर १९१६ च्या शरदात झेपेलिनचा पाडाव सुरू झाला. हायड्रोजनच्या पिशवीला एक ठिणगी पुरते. युद्ध संपेपर्यंत वायुनौकांच्या बॉम्बनी ब्रिटनमध्ये साडेपाचशेहून अधिक माणसं मेली होती, आणि नौकांवरची जर्मन माणसं त्यांच्याबरोबर शेकड्यांनी. कफलीच्या सोळा जणांना पॉटर्स बारला पुरलं. त्यांना लष्करी सन्मान द्यावा की नाही यावर वाद झाला, दिला गेला. १९६० च्या दशकात त्यांच्या कबरी स्टॅफर्डशायरमधल्या कॅनॉक चेसच्या जर्मन दफनभूमीत हलवल्या. नकाशात पाहिलं तर वॉल्सॉल तिथून अगदी जवळ आहे. रॉबिन्सन पुढे जर्मनांच्या कैदेत पडला, सुटून आला आणि १९१८ च्या शेवटच्या दिवशी इन्फ्लुएंझाने गेला. वय तेवीस.

विल्यम मार्टिन फेब्रुवारी १९१७ मध्ये हृदयविकाराने वारला. त्या सकाळनंतर जेमतेम एक वर्ष. लोकांनी त्याचा संबंध त्या घटनेशी लावला, लोक लावतातच.

‘किंग स्टीफन’ बोट त्याच्याही आधी गेली. त्या सकाळनंतर काही आठवड्यांतच ब्रिटिश नौदलाने ती ताब्यात घेतली आणि वरून साधी मासेमारी बोट पण आत लपवलेली तोफ, असं तिचं रूप केलं. पाणबुड्यांना फसवून जवळ आणायचं, हे तिचं काम. म्हणजे ज्या फसवणुकीच्या भीतीने मार्टिनने बोट वळवली, तीच आता तिच्या पोटात बसवली होती. २५ एप्रिल १९१६ ला, लोस्टॉफ्टवर तोफा डागून परतणाऱ्या जर्मन आरमाराच्या तावडीत ती सापडली आणि बुडवली गेली. तिच्यावरच्या माणसांना जर्मनांनी पाण्यातून काढून कैद केलं.

बोटीचं नाव जर्मनीत तोवर पोराटोरांना माहीत झालं होतं. एल १९ ला सोडून जाणारे हेच, असं धरून त्या कैद्यांची चौकशी सुरू झाली. आम्ही ते नव्हे, ही बोट आम्हाला नंतर मिळाली, असं ते सांगत राहिले. शेवटी इंग्रजी वर्तमानपत्रात छापलेलं मार्टिनचं छायाचित्र काढलं गेलं आणि एकेका कैद्याच्या चेहऱ्याशी ताडून पाहिलं. त्यांच्यात तो नव्हता.